शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी

पंधरा वर्षांनी शाल्मली नाडगौडा बरोबर ठरली, तेव्हा ती स्वयंपाकघरात चिंचेचा कोळ काढत होती. हात मनगटापर्यंत माखलेले, म्हणून पहिले तीन फोन तिनं वाजू दिले. चौथा वाजत असताना शेजारच्या काटकर वहिनी दार ढकलून आत आल्या आणि म्हणाल्या, आधी बातम्या लावा, तुमचं नाव घेतायत.

पडद्यावर चौकशी आयोगाचे अध्यक्ष कागद वाचत होते. तालोराच्या युद्धात कोण जिंकलं हे सगळ्यांना चौदा वर्षांपासून माहीत होतं. आज वाचला जात होता तो निकाल वेगळा होता. ते युद्ध करायला हवं होतं की नव्हतं, याचा. अध्यक्ष म्हणाले, युद्ध झालं नसतं तर तालोरात आणखी एक लाख नव्वद हजार ते दोन लाख साठ हजार माणसं मारली गेली असती. पर्यायपट नावाच्या यंत्राच्या शंभरपैकी त्र्याण्णव फेऱ्यांत हेच दिसलं आहे. मग त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं, की युद्धाची नैतिक बाजू त्या वेळी सर्वांत स्पष्टपणे मांडणाऱ्या प्राध्यापक नाडगौडा यांना आयोग अहवाल पूर्ण करण्याआधी अखेरच्या साक्षीसाठी बोलावत आहे.

"सुटलात बाई एकदाच्या," काटकर वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या.

शाल्मलीला सुटल्यासारखं काही वाटलं नाही. तिच्या मनात एवढंच आलं, की हे आता मकरंदनंही ऐकलं असेल.

तालोरा हा पूर्वेकडच्या समुद्रातला बेटांचा देश. तिथल्या लष्करी राजवटीनं डोंगरात राहणाऱ्या केम लोकांच्या वस्त्याच्या वस्त्या कापून काढायला सुरुवात केली, तेव्हा जगानं ठराव मांडले आणि जगानंच ते अडवले. शेवटी चार देशांनी कुणाची परवानगी न घेता तिथं फौजा उतरवल्या. त्यांत आपला देश होता. युद्ध अकरा महिने चाललं, कत्तल थांबली. पण ती थांबेपर्यंत या चार देशांच्या विमानांनी सुराव नावाचं बंदर चार दिवस भाजून काढलं होतं आणि त्यात अकरा हजार साधी माणसं गेली होती. बाजारहाट करणारी, बोटी रंगवणारी. तिथं निकेलच्या खाणी नसत्या तर केम लोकांचा कळवळा कुणाला आला असता, असं विचारणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि नंतर तर वाढतच गेले.

शाल्मली तेव्हा कोल्हापुरात नीतिशास्त्र शिकवायची. सैन्य पाठवायचं की नाही यावर देशात काहूर उठलेलं असताना तिनं रविवारच्या अंकात एक लेख लिहिला. शेजारच्या घरात बाप पोरांना कोंडून मारत असेल, तर दुसऱ्याचं दार मोडू नये हा नियम आपण नेमका कुणासाठी पाळतो आहोत, पोरांसाठी की स्वतःच्या मनःशांतीसाठी, असा तिचा सवाल होता. आपल्याला जायला हवं, असं तिनं शेवटी स्वच्छ लिहिलं. तो लेख संसदेत वाचला गेला, अकरा भाषांत गेला. सुरावनंतर तोच लेख लोकांनी तिच्या तोंडावर फेकला. साताऱ्याकडच्या एका बाईनं तिला पोस्टानं तालोरात मेलेल्या आपल्या मुलाचा एक बूट पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती.

आणि मकरंद. मकरंद तिचा नवरा, त्याच कॉलेजात इतिहास शिकवायचा. तिच्या लेखानंतर पंधरा दिवसांनी त्याच वर्तमानपत्रात, त्याच पानावर त्यानं त्या युद्धाविरुद्ध लेख लिहिला. लोकांना वाटलं, घर मोडणार. तसं काही नव्हतं. त्यांच्या घरात वाद हा आमटीसारखा रोजचा होता. रात्रीच्या जेवणाला दोघं हमरीतुमरीवर येत आणि मल्हार, त्यांचा एकुलता एक मुलगा, घरी असला की मधे बसून दोघांना दहापैकी गुण द्यायचा.

मल्हार चोवीस वर्षांचा होता, पुण्याला एका कंपनीत पूल बांधायचा. सैन्याला नद्यांवर घाईनं पूल टाकणारे इंजिनिअर हवे होते. त्यानं नाव दिलं. पाचव्या महिन्यात इलो नदीवर तरंगता पूल जोडत असताना तोफेचा गोळा पडला आणि नवव्या दिवशी मल्हार पेटीतून घरी आला.

मकरंदनं तिला एका शब्दानंही दोष दिला नाही. तीन महिने तो तिच्यासमोर बसून जेवला. मग शिरोड्याच्या मिठागरांवर एकोणीसशे तीस साली जो सत्याग्रह झाला त्याचा इतिहास लिहायचाय, म्हणून तिकडं गेला आणि परतलाच नाही. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. दिवाळीला फोन, वाढदिवसाला फोन, बीपीची गोळी घेतेस ना, गुडघा कसा आहे. पंधरा वर्षांत मल्हारचं नाव त्या फोनांत एकदाही आलं नाही. शाल्मलीनं त्याचा अर्थ लावून टाकला होता. जे तोंडावर म्हणवत नाही ते माणूस मनात म्हणत राहतं. तू लिहिलंस म्हणून आपला मुलगा गेला.

आयोगानं साक्षीआधी तिला पुण्याच्या प्रयोगशाळेत पर्यायपट बघायला बोलावलं. तो दाखवायला फरहाना मुजावर नावाची तिशीतली शास्त्रज्ञ होती, मूळची मिरजेची. तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "मॅडम, नववीत असताना मी वादविवाद स्पर्धेत तुमच्या लेखाविरुद्ध बोलले होते. दुसरा नंबर आला होता." शाल्मलीला ती मुलगी आवडली.

बघण्यासारखं तिथं फारसं काही नव्हतं. गार खोल्या, घुमणारे पंखे आणि एक मोठा पडदा. पण फरहानानं समजावलं ते शाल्मलीच्या चटकन ध्यानात आलं. हवामान खातं उद्याचा अंदाज कसा काढतं? आजची हवा यंत्रात घालतं आणि कणाकणानं पुढं सरकवतं. सुरुवातीला जरा जरा फरक करून हेच शंभरदा करतं, आणि शंभरपैकी साठदा पाऊस पडला तर पावसाची शक्यता साठ टक्के म्हणतं. पर्यायपट हेच माणसांच्या बाबतीत आणि मागं जाऊन करायचा. तालोराच्या राजवटीचे हुकूम, सैनिकांचे निरोप, उपग्रहाची चित्रं, दवाखान्यांची रजिस्टरं, बाजारातले तांदळाचे भाव, लाखो फोनांचा माग, हे सगळं त्यात ओतलं होतं. त्यातून प्रत्येक माणूस नाही तरी प्रत्येक माणसाचा कल उभा राहायचा. कोण कुणाचं ऐकतो, कशाला भितो, कधी पळतो. मग झालेल्या गोष्टींतली एकच गोष्ट उचलून बाजूला काढायची आणि काळ पुन्हा चालू करायचा. शंभरदा.

हे खरं कशावरून, असं शाल्मलीनं विचारलं. फरहाना म्हणाली, आम्ही त्याच्यापासून इतिहास लपवून ठेवतो. एखाद्या देशाची तीन वर्षं झाकतो आणि काय झालं असेल ते सांग म्हणतो, मग ताडून बघतो. मोठ्या गोष्टी तो क्वचितच चुकतो. लहान गोष्टी मात्र त्याला दिसत नाहीत. धान्य चाळणीतून खाली पडावं तसं काही क्षण, काही तास त्याच्या जाळीतून निसटतात. एकट्या माणसाबद्दलही तो सहसा बोलत नाही. फक्त त्या माणसानं मागं भरपूर लिहून-बोलून ठेवलं असेल, आणि निर्णय असा असेल की जो पुष्कळ दिवस मनात शिजला आहे, तरच.

मग शाल्मलीनं विचारलं, एका गोष्टीचा शोध घेता येईल का. युद्ध नाही काढायचं. फक्त माझा लेख काढायचा.

हा प्रश्न तिच्या मनात त्या दिवशी आला नव्हता. पंधरा वर्षं तिनं तो गिळून ठेवला होता. युद्ध बरोबर होतं असं तिला तेव्हाही वाटत होतं, सुरावनंतर झोप उडाली तरी वाटत होतं, आणि आता यंत्रही तेच म्हणत होतं. पण युद्धात पडलेल्या देशाच्या दोन हजार तीनशे सहा सैनिकांपैकी किती जण आपल्या शब्दांनी गेले? ती बूट पाठवणारी बाई आपल्याला विचारत होती ते हेच ना?

मल्हारच्या नोंदी वापरायच्या तर दोन्ही वारसांच्या सह्या लागणार होत्या. शाल्मलीनं छापील अर्ज भरून शिरोड्याला पाठवला. प्रश्नाच्या रकान्यात एकच ओळ होती: शाल्मली नाडगौडा यांचा लेख प्रसिद्ध झाला नसता तर. सोबत दोन शब्द लिहावेत म्हणून तिनं तीनदा कोरा कागद घेतला आणि तीनदा ठेवून दिला. पाचव्या दिवशी अर्ज परत आला. मकरंदनं सही केली होती. बाकी काही नव्हतं. त्याच्या अक्षराचा शेवटचा फराटा पूर्वी वर जायचा, आता खाली झुकला होता. ती सही शाल्मलीनं बराच वेळ पाहिली. पंधरा वर्षांत त्याच्या हातचं एवढंच आलं होतं.

निकाल द्यायला फरहानानं तिला प्रयोगशाळेत न बोलावता बाहेरच्या बागेत नेलं. सकाळचे अकरा-साडेअकरा झाले होते, माळी शेवंतीच्या वाफ्यांना पाणी देत होता. शाल्मलीच्या लक्षात आलं, की ही मुलगी वाईट बातमी उघड्यावर सांगणाऱ्यांतली आहे.

लेख काढला तरी शंभरपैकी शंभर फेऱ्यांत युद्ध झालं होतं. सुरुवातीची तारीख एका दिवसानंही हलली नव्हती. निर्णय लेखाच्या सहा आठवडे आधीच झाला होता, जहाजं निघालेली होती. संसदेत तो लेख वाचणाऱ्यांची मतं आधीच ठरलेली होती, त्यांना फक्त वाचायला चांगलं काहीतरी हवं होतं. सैन्यात नाव देणाऱ्यांचा आकडाही जवळपास तोच राहिला.

"म्हणजे माझ्या लेखानं काहीच झालं नाही," शाल्मली म्हणाली. ते ऐकायला इतकं हलकं वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

फरहानानं हातातला कागद उलटला. मग म्हणाली, "एक फरक पडला मॅडम. एकच. मल्हार. तुमचा लेख नसेल तर शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी फेऱ्यांत तो जात नाही."

माळ्यानं पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकला. शाल्मलीनं त्याला तो टाकताना पाहिलं, पाणी मातीत जिरताना पाहिलं. जगातल्या सगळ्या माणसांतून तिच्या शब्दांनी फक्त एक माणूस हलवला होता, आणि तो तिच्या घरातला होता.

मग तिनं विचारलं, तो तिथं गेल्यानं काही झालं का. फरहानानं खरं तेच सांगितलं. तो नसता तर इलो नदीवरचा पूल दुसऱ्या कुणीतरी टाकला असता, पण दीड दिवस उशिरा. पलीकडच्या काठावर तेव्हा तीनेकशे केम लोक अडकले होते. त्या दीड दिवसात त्यांचं काय झालं असतं ते पट सांगू शकत नव्हता. ते त्याच्या जाळीपेक्षा बारीक होतं.

फरहाना तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं, असं शाल्मलीला नंतर कितीदातरी वाटलं. पण फरहाना शास्त्रज्ञ होती, अर्धवट उत्तर तिला सोसवत नव्हतं. मल्हारच्या डायरीत तुमच्या लेखाशेजारी सरांच्याही लेखातलं एक वाक्य उतरवलेलं आहे, असं ती म्हणाली. सारखं उतरवलेलं, सात-आठ वेळा. ज्यांना हे युद्ध न्याय्य वाटतं त्यांनी आधी स्वतःच्या घरातून माणूस पाठवावा, दुसऱ्यांच्या मुलांवर नीतीचे धडे गिरवू नयेत. यंत्रानं त्या वाक्याला आपणहून मोठं वजन दिलंय. तुम्ही म्हणत असाल तर तोही लेख काढून बघते.

बघ, असं शाल्मली म्हणून गेली.

उत्तर संध्याकाळी आलं. मकरंदचा लेख काढला तर चौऱ्याऐंशी फेऱ्यांत मल्हार जात नव्हता. कुठलाही एक लेख काढा, मुलगा घरी राहत होता. युद्ध बरोबर आहे हे त्याला आईनं पटवलं होतं, आणि ज्याला पटलं त्यानं स्वतः जावं हे बाबानं. दोघांचंही ऐकणारा एवढा एकच वाचक त्या दोन लेखांना मिळाला होता.

निघताना शाल्मलीनं शेवटचं विचारलं. त्या अठ्ठ्याऐंशी फेऱ्यांत तो काय करतो? फरहाना म्हणाली, दहा वर्षांपुढं चित्र पुसट होतं. तरी निम्म्याहून जास्त फेऱ्यांत तो कोल्हापूरला परत येतो. एकावन्न फेऱ्यांत त्याला मूल आहे. पाच-सहांत तो असाही जातो, अपघातानं, आजारानं. त्याचा आवाज ऐकवता येईल का, चेहरा दिसेल का, हे शाल्मलीनं विचारलं नाही, पण फरहानाला ते कळलं असावं. ती हळूच म्हणाली, आम्ही चेहरे बनवत नाही मॅडम. एकदा बनवायला लागलो तर लोक इथून घरी जाणार नाहीत.

साक्षीला पाच दिवस होते. शाल्मली आजरा-आंबोलीमार्गे जाणाऱ्या सकाळच्या बसनं शिरोड्याला निघाली. पिशवीत दोन कागद होते. एकावर अठ्ठ्याऐंशी, दुसऱ्यावर चौऱ्याऐंशी.

दुसरा कागद मकरंदपुढं ठेवायचा की नाही, हे ती घाट उतरेपर्यंत ठरवत होती. मोह मोठा होता. पंधरा वर्षं एकटीनं उचललेलं ओझं, त्याचं दुसरं टोक धरायला आता माणूस सापडला होता. पण मग तिला ती खाली झुकलेली सही आठवली. साठी ओलांडलेला माणूस, समुद्रकाठी एकटा राहतो. युद्ध नको म्हणून लिहिलं एवढाच एक दिलासा त्याच्यापाशी आहे. तो काढून घेऊन आपल्याला काय मिळणार? सावंतवाडी आली तेव्हा तिचा निर्णय झाला होता. आपला आकडा सांगायचा. त्याचा सांगायचा नाही.

मकरंद मिठागराच्या कडेला दोन खोल्यांत राहत होता. दारात उभ्या असलेल्या शाल्मलीकडं त्यानं अशा नजरेनं पाहिलं, की जणू ती बाजारातून परत आली आहे आणि तिला जरा उशीर झाला आहे. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यानं चहा टाकला. तिला साखर बंद आहे हे फोनवरून माहीत असल्यासारखं, न विचारता बिनसाखरेचा वेगळा काढला.

दोघं बाहेरच्या पायरीवर बसले. समोर वाफ्यांत पाणी आटून मिठाचा पातळ पापुद्रा धरत होता. आधी निकालावर बोलणं झालं. मकरंदनं सरळ कबूल केलं, की आकड्यांत तो चुकला होता. राजवट वर्षभरात आपोआप कोसळेल असं त्यानं लिहिलं होतं, ती कोसळली नसती. पण मग त्यानं विचारलं, सुरावच्या अकरा हजारांना तुझा आयोग कुठं ठेवतो? दोन लाखांतून वजा करतो? ज्यांना आपण वाचवलं ते वेगळे आणि ज्यांना मारलं ते वेगळे. एकाला वाचवलं म्हणून दुसरा आपल्याला माफ कसा करेल? शाल्मली म्हणाली, माफ करणार नाहीच, पण म्हणून न जाणं बरोबर ठरत नाही. आवाज चढले. त्यानं बोट नाचवलं, तिनं कप आपटला. आणि मग दोघंही एकदम थांबले. कारण असं भांडून पंधरा वर्षं झाली होती, आणि ते किती हवं होतं हे दोघांनाही एकाच क्षणी कळलं.

"मल्हारचं काय निघालं?" मकरंदनं विचारलं.

पंधरा वर्षांनी त्याच्या तोंडून ते नाव आलं. शाल्मलीनं पहिला कागद काढून दिला आणि सगळं सांगितलं. युद्ध शंभरपैकी शंभरदा झालं असतं. मल्हार मात्र अठ्ठ्याऐंशी वेळा राहिला असता. मकरंदनं कागद वाचला, घडी केली, परत दिला.

"आणि माझा लेख?"

"तो नाही विचारला."

मकरंद मान हलवून म्हणाला, "तुला खोटं कधी बोलता आलंच नाही. आणि मला यंत्राकडून कळायची गरज नाही. तो माझ्याकडं आला होता."

त्यानं सांगितलं ते असं. नाव देण्याच्या दोन दिवस आधी, शनिवारी, मल्हार पुण्याहून येऊन घरी न जाता आधी कॉलेजात त्याच्या खोलीवर गेला होता. त्यानं विचारलं होतं, बाबा, ते वाक्य तू लिहिलंस ते खरंच मानतोस, की वादासाठी लिहिलंस? मकरंदला माहीत होतं की ते वाक्य वादासाठीच होतं. शाल्मलीच्या लेखात जी एक फट दिसली तिथं त्यानं पाचर मारली होती, बस्स. पण मुलासमोर तसं म्हणवलं नाही. मानतो, असं तो म्हणाला. मल्हार म्हणाला, मग आईचं पटलेल्यानं जायलाच हवं. मकरंदला तेव्हाही थांबवता आलं असतं.

"वादात मागं सरायला नको, म्हणून मी गप्प बसलो," तो म्हणाला. "नंतर तू रोज माझ्यासमोर ताट घेऊन बसायचीस आणि स्वतःला दोष द्यायचीस. मला ते दिसत होतं. मी सांगितलं नाही. सांगवत नव्हतं आणि बघवतही नव्हतं. म्हणून इकडं आलो."

शाल्मली उठली. ती बांधावरून चालायला लागली. ज्याला वाचवायला ती एवढा घाट उतरून खोटं बोलायला आली होती, त्यानं तिला पंधरा वर्षं त्या दोषात एकटीला ठेवलं होतं. राग इतका आला, की मिठाचे ढीग डोळ्यांना खुपायला लागले. बांधाच्या टोकाला फावड्यानं मीठ ओढणारी एक बाई तिला, पाणी पाहिजे का, म्हणाली. शाल्मलीनं पाणी घेतलं, थोडं प्याली, थोडं तोंडावर मारलं, आणि तिथंच एका उलट्या घमेल्यावर बसली.

आयोगापुढं काय सांगायचं ते तिला तिथं सुचलं, आणि पाच दिवसांनी पुण्यात तिनं तेच सांगितलं. ते युद्ध करायला हवं होतं असं मी आजही म्हणते, ती म्हणाली. पण वाचलेल्यांची संख्या मेलेल्यांना उत्तर देत नाही. सुरावच्या अकरा हजारांना उत्तर द्यायला यंत्र जाणार नाही, आम्हांलाच जावं लागेल, आणि अजून कुणी गेलेलं नाही. मी लिहिलं होतं, आपल्याला जायला हवं. त्या 'आपल्या'त मी नव्हते. एवढं मी लिहायला हवं होतं. त्यावर तिचे जुने विरोधक रागावले आणि नवे चाहते त्याहून जास्त.

पण ते नंतर. त्या दुपारी घमेल्यावर बसलेली असताना तिचा राग हळूहळू दमला आणि खालून दुसरंच काहीतरी वर आलं. पटाच्या फेऱ्यांतले ते सगळे मल्हार, कोल्हापूरला परतलेले, बाप झालेले, तिनं प्रयोगशाळेत मनाशी धरले होते आणि ते हातात राहत नव्हते. ते कुणी नव्हतेच. आणि आता मकरंदनं बोलता बोलता एक खरा मल्हार तिच्यापुढं टाकला होता. शनिवारची दुपार. ती त्याला ओळखतच नव्हती. संध्याकाळी सातला तो घरी आला आणि तिनं त्याला भाकरी वाढली, तिथून पुढचं तिला पाठ होतं. त्याआधीचे तीन तास पंधरा वर्षं मकरंदपाशी होते.

ती परत आली तेव्हा मकरंद पायरीवरच होता. चहाचे कप तसेच पडले होते. ती त्याच्या शेजारी बसली.

"तुला माफ करायचं का ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "पण ते पुन्हा सांग. तो दारात आला तिथपासून. शर्ट कुठला होता?"

मकरंदनं डोळे मिटले. "निळा," तो म्हणाला. मग, "नाही. तो करडा, चौकटीचा. बाह्या दुमडल्या होत्या. उन्हातून चालत आला होता, कपाळ चमकत होतं."

"स्टँडवरून चालत?"

"हो. रिक्षा केली नाही म्हणाला. आल्या आल्या माझा टेबलाचा खण उघडला. भडंग होतं त्यात. सगळं संपवलं, आणि डबा पालथा करून टेबलावर आपटला."

शाल्मली हसली, आणि हसता हसता तिचा हात त्याच्या मनगटावर गेला.

"मग?" ती म्हणाली.